हिवाळ्याचा थर

तळ्याकाठचा तो खोलगट गवताळ तुकडा नकाशावर लालभडक दिसत होता. लाल म्हणजे सर्वांत उत्तम. उतार सौम्य, पाणी जवळ, रस्ता हाकेच्या अंतरावर, वस्ती नाही. पर्यटकांच्या तंबूंसाठी मंगोलियातल्या खुव्सगुलमध्ये याहून सरस जागा नाही, असं संगणकातलं प्रारूप सांगत होतं. ते नकाशे बनवणाऱ्या ओयुनगेरेलनं स्वतः रचलेलं होतं, म्हणूनच ऐन जानेवारीत ती जागा डोळ्यांनी बघायला ती स्वतः गेली.

गाडीतून उतरताच तिनं नकाशा पुन्हा उघडून पाहिला. त्या 'रिकाम्या' जागेत लोकरीच्या जाड नमद्याचे दोन गोल तंबू उभे होते. दगडी कोंडवाड्यात मेंढ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. डोंगरानं वारा अडवून धरला होता.

उपग्रहाचं चित्र जुलैतलं होतं. जुलैत ही पशुपालक माणसं वरच्या कुरणात असतात, हिवाळ्यात इथं आडोशाला उतरतात.

"उभी काय राहिलीस? आत ये, नाक गळून पडेल," तंबूच्या दारातून द्यूलमा म्हातारी ओरडली आणि तिनं खारट दुधाचा चहा पुढं केला. "आमच्या जागेत तंबू टाकणार म्हणे? मग मेंढ्या कुठं नेऊ, तुझ्या घरी?"

"नाही टाकू देणार, आजी."

शहरात तिचे साहेब बातसुख वैतागले. "परवा गुंतवणूकदारांबरोबर सभा आहे! एका म्हातारीपायी सगळं पुन्हा करायचं?"

"एकीपायी नाही. उन्हाळ्यात ओस दिसलेली प्रत्येक जागा आपण मोकळी धरलीय."

"पुढचं काम हातचं जाईल तुझं."

"गेलं तर गेलं."

सभा तिनं हट्टानं पुढं ढकलायला लावली. बर्फातून मुक्कामामागून मुक्काम पालथे घालून नकाशावर पशुपालकांच्या हिवाळी तळांचा नवा थर चढवला आणि प्रारूप परत चालवलं. निम्मं लाल विझलं.

सभेत बातसुख यांनी तरीही जुनाच नकाशा लावला. ओयुनगेरेल उठली, सरळ पुढं जाऊन तिनं नवा लावला. "हा खरा," एवढंच म्हणाली. आणि ती बसली नाही.

खूप वादावादी झाली. शेवटी पर्यटकांचे तंबू पलीकडच्या काठावर गेले. तिथं वारा भणाणतो, देखावाही तितका नाही. गुंतवणूकदार अजून कुरकुरतात.

पुढच्या प्रांताचं काम बातसुख यांनी दुसऱ्याला दिलं. तिला वाईट वाटलंच. पण आठवड्याभरात शेजारच्या खोऱ्यातल्या पशुपालकांचा फोन आला, "आमच्याकडचाही नकाशा करून देशील का, ताई?" बर्फात घसरू नये म्हणून तिनं गाडीच्या चाकांना साखळ्या बांधायला घेतल्या.