काटा थांबेपर्यंत

“आरं, ह्यो काटा हाय का टिटवी? एका जागी बसंल तर शपथ,” झुंबर पंपहाऊसच्या दारातूनच म्हणाला.

पंप चालवणारा मानसिंग काट्याकडेच बघत होता. मोठी मोटार नुकतीच सुरू झाली होती. दाबाच्या घड्याळातला काटा वर चढायचा, लटलटायचा आणि पुन्हा खाली यायचा. त्याच्याबरोबर मोटारीचा आवाजही चढे-उतरे, घाटात धापा टाकणाऱ्या ट्रकसारखा.

“कुनीतरी व्हॉल्व उघडलाय.”

“कुनीतरी न्हाय, समद्यांनीच. तुझा नियम पाळनारं मानूस ह्या डाळज गावात अजून जल्माला यायचंय.”

नियम तसा साधा होता. उजनीचं पाणी थेट टेकाडापर्यंत चढवायचं, तर आधी सगळी पाइपलाइन भरायला हवी. तोवर कुणी आपला व्हॉल्व उघडायचा नाही. काटा स्थिर झाला की मानसिंग छपरावरच्या बांबूला पांढरं पोतं चढवणार, आणि मग टेकाडापासून खाली एकेकाने पाणी घ्यायचं. सोसायटीच्या बैठकीत त्याने हे फळ्यावर चित्र काढून समजावलं, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माना डोलवायला वीज थोडीच लागते!

पण प्रत्यक्षात लाइट आली रे आली की जो तो आपल्या शेताकडे पळायचा. लाइन काही भरायची नाही आणि टेकाडावर पाणी जोराने चढायचंच नाही.

झुंबरच्या खांद्यावरच्या ट्रान्झिस्टरवर वर्ल्डकपची मॅच चालली होती. “तितं बघ, एक आऊट झाला की दुसरा येतो. हितं समदेच बॅटी घिऊन आत शिरल्यात.” मग आवाज बारीक करून म्हणाला, “आबाजीच्या केळीत पानी धो धो चाललंय. मी बघूनच आलो. जाऊन बंद कर की.”

आबाजी सोसायटीचे चेअरमन. मानसिंगला ही नोकरी त्यांनीच दिली होती.

“जातो,” मानसिंग म्हणाला, आणि पुसून लखलखीत झालेलाच नट पुन्हा पुसत बसला.

“सारजीनं तरी उघडलाय का?”

“ती न्हाय उघडायची.”

सारजा त्याची धाकटी बहीण, गावातच दिलेली. नवरा भिगवणच्या मासळीच्या टेम्पोवर, म्हणून टेकाडावरचं रान तीच बघायची. तिचा गहू चिकात आला होता. ओंबीत दूध धरलेलं. एवढं एक पाणी मिळालं की दाणा भरणार होता, नाहीतर तसाच सुकून जाणार होता.

ती उघडणार नाही, हे मानसिंगला पक्कं माहीत होतं. वडील मेंढरं राखायचे तेव्हा तो तिला कोकरांपाशी बसवून सांगायचा, “मी हाळी दिल्याबिगर हलू नगंस.” एकदा तो सुरपारंब्या खेळण्यात विसरूनच गेला. दिवस मावळला तरी ती कोकरू पोटाशी धरून तिथेच. ही गोष्ट तो चारचौघांत नेहमी हसत सांगायचा.

दारातून टेकाड दिसत होतं. व्हॉल्वपाशी सारजाची पिवळी साडी उभी होती, तोंड छपराकडे करून.

तेवढ्यात लाइट गेली. मोटार कण्हत थांबली.

दुसऱ्या दिवशीही तेच, आणि त्यानंतरचे आठ-दहा दिवसही तेच. पोतं चढलं नाही. एकदा त्याच्या मनात आलं होतं, की सारजाला सांगावं, घे जेवढं येईल तेवढं. पण गाव म्हणालं असतं, बहिणीला आधी दिलं. मानसिंग कुणाची बाजू घेत नाही, हे लोकांच्या तोंडून ऐकायला त्याला फार गोड वाटायचं. आबाजींच्या केळीकडे मात्र तो एकदाही गेला नाही.

शेवटी एका दुपारी झुंबरला मोटारीपाशी बसवून तो टेकाड चढला.

“सारजे, उघड.”

“पोतं कुटं चढवलंय, दादा?”

“मी सांगतोय न्हवं. उघड.”

तिने दोन्ही हातांनी चाक फिरवलं. व्हॉल्व खोकला, हवा थुंकला, आणि मनगटाएवढी धार पाटात पडली. मध्येच तुटायची, पुन्हा लागायची. पण पडत होती.

सारजा त्या धारेकडे बघत राहिली. “काटा हालत असताना बी येतं व्हय?”

तिने नुसतं विचारलं होतं. टोमणा असता तर मानसिंगला परवडला असता.

“येतं,” तो म्हणाला. “थोडं थोडं.”

“मला वाटलं, मी उघडला तर तुझी लाइन बिघडंल.”

तिने एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली. कोंड्याबरोबर दाणेही उडाले. हाताला चिकटून राहिले ते जिऱ्यासारखे बारीक.

“आता पानी दिऊन भरंल का रं?”

मानसिंगने वाफ्याकडे पाहिलं. गहू उभ्या उभ्या पांढरा पडला होता.

“न्हाय.”

सारजाने मान हलवली. पदराने हात पुसले, आणि चाक उलटं फिरवायला लागली. घट्ट बसेपर्यंत फिरवलं.

“मग खालच्या बांधाच्या केसरबाईंकडं जाऊ दे. त्यांचा मका अजून हिरवा हाय,” ती म्हणाली, आणि त्यांना त्यांचा व्हॉल्व उघडायला सांगायला बांधावरून खाली गेली.

मानसिंग तिथेच उभा राहिला. थोड्या वेळाने जमिनीखालच्या पाइपातलं पाणी केसरबाईंच्या रानाकडे वळलं, ते त्याला तळपायांत कळलं.