शेलूची पोरं

छाया मॅडमनी हातातला खडू ललिताकडे रोखला.

"तू गं, कुठून येतेस?"

ललिता उठली. मागच्या बाकांवरची कुजबूज थांबली, निदान तिला तरी तसं वाटलं.

फळ्यावर दोन नावं होती. मोठा कॅल्क्युलस आणि छोटा कॅल्क्युलस. मोठा तिन्ही वर्षं चालणारा, पुढे एम.एस्सी.ला नेणारा. छोटा एका सत्रात आटोपायचा आणि त्याच्याबरोबर गणितही. ललिताला मोठाच हवा होता, त्यासाठीच ती घरच्यांशी भांडून कर्जतच्या कॉलेजात आली होती. मग विषय निवडायच्या दिवशी या बाईंना गाव कशाला हवंय?

अकरावीला एका सरांनीही असंच गोड विचारलं होतं. कशेळ्याच्या वरची डोंगरातली वाडी म्हटल्याबरोबर ते म्हणाले होते, "मग सायन्स कशाला? झेपेल ते घे." शिवाय वाडीवरची रीतच होती, कोणी परका नावगाव विचारू लागला की त्याला आधी पाणी द्यायचं आणि मग भलतंच काहीतरी सांगायचं. ललिताची आई ठमी तर यात पटाईत.

"शेलू," ललिता म्हणाली.

"म्हणजे लोकलने. छान." मॅडमनी फळ्याच्या कोपऱ्यात एक रेघ ओढली. ती रेघ ललिताला मुळीच आवडली नाही.

तिच्यानंतर मागच्या बाकावरच्या दोघांनीही शेलूच सांगितलं. शेजारची सुरभी मात्र खरोखर शेलूची. तिने ललिताला हळूच कोपर मारलं.

"शेलूला कुठं गं? स्टेशनवर कधी दिसली नाहीस ती!"

"मी पुढच्या डब्यात असते."

"आणि ते मागचे दोघं? आमच्या शेलूत एवढं गणित कधी शिरलं?"

ललिताने वही उघडून तिच्यात डोकं घातलं. ही बया आता उठून मॅडमना सांगणार, याची तिला खात्रीच पटली.

मॅडमनी रेघा मोजल्या आणि मोठ्या कॅल्क्युलसपुढे लिहिलं, सकाळी सात.

"सगळेच लोकलवाले, मग लवकर उरकून टाकू. जीपने येणारं कोणी असतं तर तास उशिरा ठेवला असता, म्हणून तर विचारत होते."

ललिता फळ्याकडे बघतच राहिली. सात वाजता ती फार तर वाडीवरून उतरून जीप पकडायला कशेळ्याच्या नाक्यावर पोचली असती. अरे देवा! कोणी हिसकावून घेऊ नये म्हणून जपलेलं तिने आपल्याच हाताने घालवलं होतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला. मॅडम टेबलावरची पुस्तकं आवरू लागल्या होत्या.

"मॅडम, मी शेलूची नाय." आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "कशेळ्याच्या वरती आमची वाडी हाय. मला मोठाच पायजे."

सुरभी वळून तिच्याकडे पाहू लागली. मॅडम थांबल्या.

"पहिली जीप कधी सुटते?"

"भरली की."

काही जण हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावरचं सात पुसलं आणि सगळ्या वर्गावरून सावकाश नजर फिरवली.

"आणखी कोण कोण शेलूचं नाय?"

मागच्या बाकावर एक हात वर झाला. मग दुसरा. मग पहिल्या रांगेतला एक मुलगा उठला, त्याने तर शेलूच्या शेजारचं स्टेशन, नेरळ सांगितलं होतं.