झाकणावरचा काटा

रंगनाथने उकळत्या पाण्यात थर्मामीटरची दांडी बुडवून धरली आणि काट्याकडे पाहत राहिला. काटा साठावर आला, ऐंशीवर आला, शंभर ओलांडून पुढे गेला आणि एकशे बत्तीसवर थांबला. त्याने गॅस मोठा केला. पाणी खळाखळा उकळू लागलं, पण काटा तिथून हलला नाही.

नाशिक उंचावर आहे. इथे पाणी शंभरला नाही, अठ्ठ्याण्णवला उकळतं. रंगनाथला हे कुणी सांगायची गरज नव्हती. अंबडच्या एका कारखान्यात त्याने अठ्ठावीस वर्षं हेच काम केलं होतं. दाबाचे, तापमानाचे काटे खरे की खोटे ते तपासायचं. खरा असला तर हिरवी चिठ्ठी, खोटा असला तर लाल, आणि खाली सही. चौतीस अंशांनी खोटा काटा त्याच्या हातात कधी आला नव्हता. आणि हा तर त्याने स्वतःच बसवला होता.

"झालं का काका?" आल्हाद स्वयंपाकघराच्या दारातून डोकावला. गिरणाऱ्याच्या रस्त्यावर, द्राक्षबागांना लागून असलेल्या या रिसॉर्टचा तो मॅनेजर. "पोरांनी शेगडीवर पाइपने पाणी मारलं, म्हणून काट्याची काच धुरकटली. नवीन आणलाय, तोच लावून टाका."

"साहेब, हा चौतीस डिग्री जास्त दाखवतोय."

"पाणी गेलं असेल आत."

"पाणी गेलं तर काटा अडकतो. हा वर जाताना, खाली येताना सारखाच पुढे आहे. पहिल्या दिवसापासून असाच असणार." रंगनाथ थांबला. "कुसाबाई कुठे आहेत? शेगडीवर त्याच शिजवतात, त्यांना विचारलं तर कळेल."

"कुसाबाईला काढलं. तुम्हाला माहीत नाही?" आल्हादने आवाज खाली आणला. "गेल्या महिन्यात अकरा पाहुण्यांना उलट्या झाल्या. एक सात वर्षांची मुलगी चार दिवस दवाखान्यात होती, आता बरी आहे. चिकन आतून कच्चं निघालं. मालकांनी त्याच दिवशी तिला घरी पाठवलं."

रंगनाथने दांडी पाण्यातून बाहेर काढली. हात थोडा भाजला, ते त्याच्या उशिरा लक्षात आलं.

तीन महिन्यांपूर्वी तो इथे पहिल्यांदा आला होता. मालकांनी कुणाकडून तरी जाड सिरॅमिकची, मोठ्या अंड्यासारखी कोळशाची शेगडी आणली होती. झाकण होतं, पण त्यावर थर्मामीटर नव्हता आणि त्यासाठी भोकही नव्हतं. कुसाबाई त्या शेगडीला रांजण म्हणायची. झाकण उघडून वर तळहात धरायची, आच किती वेळ सोसते ते मनातल्या मनात मोजायची आणि मग कोंबडी आत ठेवायची. आल्हादला ते पटत नव्हतं. त्याने भिंतीवर कागद लावला होता: एकशे ऐंशी डिग्री, सत्तर मिनिटं.

झाकणाला भोक पाडणं सोपं नव्हतं. जरा जोर झाला की तडा जायचा. रंगनाथने चिकटपट्टी लावून खूण केली, काच कापायचं हिऱ्याचं बिट ड्रिलला लावलं, आणि थेंब थेंब पाणी सोडत, न दाबता, जवळजवळ पाऊण तास मशीन धरून ठेवलं. भोक इतकं स्वच्छ पडलं की कडेचा एक टवकाही निघाला नाही. त्याने त्यावरून दोनदा बोट फिरवलं. रिटायर झाल्यापासून असं काम हातून झालं नव्हतं.

मग त्याने खोक्यातून थर्मामीटर काढला. बाजूच्याच गॅसवर कुसाबाईने चहाचं आधण ठेवलं होतं आणि ते उकळत होतं. दोन मिनिटांचं काम होतं. पण आल्हाद म्हणाला, "काका, सीलबंद आहे, इम्पोर्टेड आहे. पाहुणे यायचेत, बसवा लवकर." कारखान्याने शेवटी शेवटी तपासणीची खोली बंद केली होती. नवा साहेब म्हणाला होता, तुमचं तपासणं म्हणजे नुसता वेळ काढणं. ते आठवून रंगनाथला वाटलं, जाऊ दे, आता कुणाला हवंय. त्याने दांडी भोकात घातली, आतून नट आवळला आणि चहा पिऊन घरी गेला.

आता त्याने नवा थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात धरला. शंभर दाखवत होता. मागचा नट जरासा फिरवून त्याने काटा अठ्ठ्याण्णववर आणला, पुन्हा एकदा पाहिलं आणि झाकणावर बसवला. मग पिशवीतून वही काढली आणि मोठ्या अक्षरात लिहायला बसला. वर तारीख. झाकणावरच्या काट्यातली चूक, अधिक चौतीस अंश. त्यामुळे शेगडी सांगितल्यापेक्षा थंड राहिली आणि मांस कच्चं राहिलं. स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा दोष नाही. काटा न तपासता बसवला, तो दोष माझा. खाली पूर्ण नाव, सिडकोतला पत्ता, सही. अशा तीन प्रती काढल्या.

आल्हादने वाचलं आणि कागद परत पुढे सरकवला. "काका, हे काय करताय? प्रकरण मिटलंय. पुन्हा उघडलं तर तुम्हीच अडकाल."

"अडकेन."

"तिला आम्ही परत घेणार नाही, एवढं सांगतो. आणि तुम्हीही उद्यापासून येऊ नका."

"बरं," रंगनाथ म्हणाला. एक प्रत टेबलावर ठेवली, दुसरी मालकांच्या नावाने पोस्टात टाकायला खिशात ठेवली आणि तिसरी घेऊन स्कूटरला किक मारली.

कुसाबाईचं गाव तिथून चार किलोमीटर. ती ओट्यावर लसूण सोलत बसली होती. त्याला पाहून तिने पदर सावरला, पण उठली नाही.

"तुमी मशीनवालं भाऊ ना?"

"हो." तो उभाच राहिला. वाटेत जुळवलेली वाक्यं आठवेनात. "कुसाबाई, तुमची चूक नव्हती. काटा खोटा होता. मी तो तपासला नाही."

तिच्या हातातली पाकळी तशीच राहिली.

"म्या सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "रोज मी मनानं जास्त येळ ठिवायची. त्या दिशी साहेबाला म्हणलं, हाडापाशी लाल हाय, अजून ठिवू. त्यो म्हणला, काट्यावर एकशे ऐंशी हाय, टाइम झाला, वाढ. दोनदा म्हणले. मग वाढलं." तिने त्याच्याकडे पाहिलं. "ती पोरगी बरी हाय का वो?"

"बरी आहे म्हणाले."

"माझ्या सृष्टीयेवढी व्हती. नातीयेवढी."

आल्हाद यातलं काहीच बोलला नव्हता. रंगनाथला राग आला, पण तो राग धरून ठेवता येईना. आल्हादने ऐकलं नव्हतं आणि त्याने स्वतः तपासलं नव्हतं. त्या दोघांच्या मध्ये ही बाई सापडली होती.

"परत घेतील मला?"

"नाही घेणार," तो म्हणाला. खोटं बोलावंसं वाटलं, पण बोलला नाही.

तिने मान हलवली. "कामाचं जाऊ द्या. पर या आळीतल्या समद्या लग्नाला माझ्या हातचं जेवण असायचं. परवा समोरच्या खंडेरावाच्या पोरीची हळद झाली. त्यांनी सायखेड्याचा आचारी आणला. मला नुसतं कुंकवाला बोलावलं. कुणी तोंडावर काय म्हणत नाय. पर माझ्या घरचं पाणीबी नको म्हणत्यात."

समोरच्या ओट्यावर एक म्हातारा पान जुळवत बसला होता. तोच खंडेराव असावा. रंगनाथने तिच्यासाठी आणलेला तिसरा कागद काढला आणि तिथेच उभं राहून मोठ्याने वाचला, तारखेपासून सहीपर्यंत. 'दोष माझा' म्हणताना त्याचा आवाज चिरकला, म्हणून ते वाक्य त्याने पुन्हा वाचलं. म्हाताऱ्याने वर पाहिलं. दोन दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. कुणाला किती पटलं, कळायला मार्ग नव्हता.

कुसाबाईने कागद घेतला, चार घड्या केल्या आणि बटव्यात ठेवला.

"मी तुमाला माफ केलं असं नाय म्हणायची," ती म्हणाली. "अजून माझ्या मनात तसं नाय."

"नका म्हणू."

"जेवलात का?"

दुपारचे तीन वाजले होते. त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तो नाही म्हणाला.

"मग आत या."

"इथंच वाढा," रंगनाथ म्हणाला. "बाहेर."

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग ती आत गेली आणि ताट घेऊन आली. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, फोडलेला कांदा. तो ओट्यावर मांडी घालून रस्त्याकडे तोंड करून बसला आणि जेवू लागला. खंडेरावाने पान तोंडात घातलं, पण चावेना. भरीत तिखट होतं. रंगनाथच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही.

"कुसाबाई," आवाज चढवून तो म्हणाला, "अजून एक भाकरी लागेल."

ती आत गेली. परातीत भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. आधी हळू, मग सगळ्या आळीला ऐकू जाईल असा.