शेजारची जागा

"एकदा ही फांदी हातात घेतली की मी तुमच्याशी बोलणार नाही," हॉस्पिटलच्या लॉबीत नोमुसा इंग्रजीत म्हणाली. "कोणाशीच नाही. घरी पोचेपर्यंत फक्त त्याच्याशी. मनाला लावून घेऊ नका."

निशिकांतने मान डोलावली. जहाज कंपनीच्या सिंगापूर ऑफिसात खलाशांची कागदपत्रं करण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. कोण चढला, कोण उतरला, कोण आजारी पडला, सगळ्यांचे फॉर्म त्याच्याच टेबलावरून जात. न बोलणारी पाहुणी ही त्यामानाने सोपीच गोष्ट होती.

सहा महिन्यांपूर्वी नोमुसाचा भाऊ थेम्बा खुमालो, जहाजावरचा फिटर, याच हॉस्पिटलात हृदयविकाराने गेला. त्याचा देह डर्बनला पाठवण्याचे कागदही निशिकांतनेच केले होते. तिकडे गावी रीतसर दफन झालं, पण थेम्बा आईच्या स्वप्नात यायचा तो ओलाचिंब, रस्ता विचारत. झुलू लोक मानतात की माणूस जिथे शेवटचा श्वास घेतो तिथेच थांबून राहतो. घरच्या कोणीतरी जाऊन, या एका झाडाच्या फांदीवर बसवून, त्याला परत आणावं लागतं.

ओल्या कापडातली ती फांदी निशिकांतला बघताक्षणी ओळखीची वाटली. आपल्या बोरीची बहीणच होती ती. प्रत्येक पेराला दोन काटे, एक सरळ आणि एक मागे वळलेला. सरळ काटा कुठे जायचं ते दाखवतो, वाकडा कुठून आलो ते विसरू देत नाही, असं नोमुसाने सांगितलं. बाहेरच्या झाडपाल्याला सिंगापुरात सहजी प्रवेश नाही. परवान्याच्या फॉर्मवर 'कारण' या रकान्यात काय लिहावं यावर निशिकांतने अख्खी सकाळ घालवली होती. शेवटी त्याने 'फॅमिली' लिहिलं आणि ते चाललं.

"आमच्या खुमालोंमधला म्झिलिकाझी, शाका राजाशी बिनसलं म्हणून उत्तरेला गेला तो परत आलाच नाही," नोमुसा म्हणाली. "दोनशे वर्षं झाली त्याला. थेम्बाचं मी तसं होऊ देणार नाही. परतीची आमची दोन्ही तिकिटं तुमच्याकडेच आहेत ना?"

'येताना एक, जाताना दोन' अशी तिची ईमेल आली होती. त्याला वाटलं, गडबडीत चुकून लिहिलं असेल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केलेला माणूस, त्याने याही दोनाचा एक करून टाकला होता. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, पण तेवढ्यात नोमुसाने कापड सोडून फांदी हातात घेतली. आता तिला काही सांगून उपयोग नव्हता.

ती दोघं लिफ्टने सातव्या मजल्यावर गेली. या मजल्यावर निशिकांत चार वर्षांत फिरकला नव्हता. नर्सने आधीच परवानगी दिली होती. थेम्बा गेला त्या खिडकीजवळच्या, आता रिकाम्या पलंगावर नोमुसाने फांदी टेकवली आणि कुळाच्या नावाने हाक मारली, "म्तुंग्वा." मग ती हळूहळू बोलत राहिली. भाषा कळत नसली तरी सूर निशिकांतला कळत होता. झोपलेल्या माणसाला लवकरच्या गाडीसाठी उठवतात, तोच सूर होता.

तिसऱ्या पलंगाकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, तरी नजर गेलीच. स्मिता तिथे होती, शेवटचे अकरा दिवस. शेवटच्या दुपारी तिने विचारलं होतं, "घरी कधी जायचं हो?" आणि तो म्हणाला होता, "उद्या." दहावं, तेरावं, नाशिकला अस्थी, सगळं त्याने यथासांग केलं. पण इथून निघताना तिला 'चल' म्हणायचं राहिलं. चार वर्षांत ती एकदाही स्वप्नात आली नव्हती, ओलीसुद्धा नाही. तिच्या आठवणीने तो अजून रोज तिची निळी छत्री बॅगेत टाकून निघायचा.

टॅक्सीत नोमुसा मागे बसली. पूल आला की फांदीला पूल दाखवायची, समुद्र दिसला की समुद्र. पुढच्या सीटवर निशिकांत दुसऱ्या तिकिटासाठी ऑफिसला फोन लावत होता. फोनवर काहीच जमेना.

विमानतळावर निशिकांतने नोमुसाच्या शेजारची आणखी एक जागा मागितली तेव्हा काउंटरवरच्या मुलीने यादी पाहिली. अंकल, विमान जवळजवळ भरलंय, शेजारी-शेजारी तर कॅनॉट लाह, असं म्हणून तिने दुसरा पॅसेंजर कुठे आहे ते विचारलं.

"तो तिच्या हातात आहे," निशिकांत म्हणाला.

मुलीने वरिष्ठाला बोलावलं. सव्वीस वर्षांत निशिकांतने कोणाकडे स्वतःसाठी कधी शब्द टाकला नव्हता, बढतीसाठीही नाही. आज त्याने सगळं सांगितलं, आपण दोनाचा एक कसा केला तेसुद्धा. त्या वरिष्ठाने फांदीकडे पाहिलं, नोमुसाकडे पाहिलं आणि काही न विचारता कळफलक पुढे ओढला. कोणाला तरी इकडचं तिकडे हलवलं गेलं. दोन बोर्डिंग पास आले, दोन्हींवर खुमालो.

"माझी चूक झाली," निशिकांत नोमुसाला म्हणाला. "मला वाटलं, तुमची चूक आहे."

तिला उत्तर देता येत नव्हतं. तिने फांदी जरा वर धरली आणि इंग्रजीत, त्याला कळेल अशा बेताने म्हणाली, "थेम्बा, हे निशिकांत. यांनी तुझी जागा मिळवून दिली. यांचे आभार मान." मग ती आत गेली.

ऑफिसला जायचं सोडून निशिकांत पुन्हा हॉस्पिटलात आला. तिसऱ्या पलंगावर आता एक म्हातारी चिनी बाई झोपली होती. तो दारातच थांबला आणि छत्री बॅगेतून काढून हातात धरली.

"स्मिता, ऊठ," तो हळूच म्हणाला. "घरी जायचंय. मला उशीर झाला गं."

दुपारची एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, निम्मी रिकामी होती. छत्री त्याने शेजारच्या जागेवर ठेवली. बिशानला गाडी बोगद्यातून वर उजेडात आली तेव्हा त्याने छत्रीला सांगितलं की इथे आपली लेक क्षिप्रा राहते, मी तिच्याकडे राहायला यावं म्हणून रोज मागे लागते आणि मी रोज टाळतो. पुढच्या स्टेशनांवर डबा भरत गेला. एका आँटीने जागेकडे बोट दाखवून विचारलं, "समबडी सिटिंग, आह?"

"हो," तो इंग्रजीत म्हणाला. "माझी मिसेस."

आँटीने छत्रीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि दांडा धरून उभी राहिली. खातिब स्टेशनच्या आधी पाणी लागलं. "पाणी ओलांडतोय," तो म्हणाला. "खातिब झालं की आपलं स्टेशन."

यिशुनला उतरून तो ब्लॉकपर्यंत हळूहळू चालला. स्मिताला भरभर चालवत नसे. नवव्या मजल्यावर फ्लॅटचं कुलूप काढून त्याने दार उघडलं आणि ती आधी आत जावी म्हणून बाजूला सरकून उभा राहिला.