रात्रीची आवराआवर

शीलाने धुरपताबाईंच्या किटलीतलं दूध तपासायला लावलं आणि पडद्याकडे बघत उभी राहिली. फॅटचा आकडा काही उमटेना. पेडगावच्या दूध केंद्रातला हा लिनक्सवाला संगणक सकाळ झाली की नुसता घुरघुरायचा, आणि नेमकी तेव्हाच रांग दारापर्यंत जायची.

"काल बी माझं दूध ऱ्हायलं अन् टेम्पो निघून गेला," धुरपताबाई म्हणाल्या. "घरी नेऊस्तोर नासलं. आज पुन्हा तेच का गं?"

शीलाला रडूच आलं. घरचं सगळं उरकून धापा टाकत इथं यायचं, ते या डबड्यापुढे हात जोडायला! तिने परभणीच्या दुरुस्तीवाल्या जीवनला फोन लावला.

"ताई, रात्री बंद करता का?"

"रोज. बटणच बंद करते. दिवसभर राबतंय, त्याला बी इसावा नको?"

जीवन हसला. "अवो, त्याची आतली झाडलोट, जुन्या नोंदींची आवराआवर रात्रीची ठरलेली हाय. तुमी झोपवता, मग ते सकाळी उठल्या उठल्या तेच करायलंय. आज चालूच ठेवा."

"मग ते झोपतंय कधी?"

"त्याला झोपच नसती, ताई."

दुसऱ्या दिवशी आकडे भराभर उमटले. धुरपताबाईंचं दूध टेम्पोत चढलं. शीला पालथ्या कॅनवर टेकली आणि कितीतरी दिवसांनी तिला चहा गरम मिळाला. तो संपायच्या आत केंद्राचे अध्यक्ष सूर्यभानराव आले.

"लय झ्याक झालं. आता उद्यापासून पलीकडच्या वस्तीचं दूध बी इथंच घेऊ. तुमाला येळ उरायलाय की."

"बरं," शीला म्हणाली. कप तिने तसाच खाली ठेवला.

संध्याकाळी केंद्राला कुलूप लावण्याआधी तिचा हात बटणावर गेला. एवढं दाबलं की उद्या पुन्हा रखडारखड, आणि पलीकडच्या वस्तीचं नावही कुणी काढणार नाही. मनातून तिला तेच हवं होतं.

म्हैस घेऊन घरी निघालेल्या धुरपताबाई दारात थांबल्या.

"उद्या बी जाईल ना गं माझं दूध?"

शीलाने हात मागे घेतला.

"आणा, मावशी."

त्या गेल्यावर तिने दिवा मालवला. अंधारात संगणक घुरघुरत होता.

"जाग बाबा," ती म्हणाली. "मला बी घरी जाऊन भांडी घासायचीत."

आणि तिने कुलूप लावलं.