अठ्ठावीस अंश

मी शवागारातला एक जुना थर्मामीटर आहे. मित्रांनो, ताप आला की तुमच्या जिभेखाली येतो तो माझा धाकटा भाऊ. त्याची सगळे वाट बघतात. माझी कुणी बघत नाही. माझी हकीकत तुम्हाला ऐकावीशी वाटेल की नाही, शंकाच आहे. तरी सांगतो.

एका कारागिराने काच फुंकून माझी लांब नळी केली, पारा भरला आणि बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्याची रेघ ओढली. मग मी इथे आलो. माणूस गेला की देह हळूहळू बदलत जातो. ऊब निघून जाते. रक्त खालच्या बाजूला उतरते आणि पाठीवर जांभळट डाग पडतात. आधी जबडा ताठरतो, मग मान, हात, शेवटी पाय. दीड-दोन दिवसांनी सगळे पुन्हा सैलावते. यातली ऊब मोजणे हे माझे काम. पहिले डॉक्टर मला टोकापर्यंत पुसून घेत आणि म्हणत, "हा कधी थापा मारत नाही." मी अगदी फुगून जायचो. हल्ली मी गंजक्या कात्र्यांच्या खणात लोळत असतो.

एका दुपारी अडीचला एका म्हाताऱ्या गृहस्थांना आणले. नुसती हाडे उरली होती. त्यांची मुलगी सांगत होती, "एकच्या सुमारास माझ्या हातून दोन घोट पाणी घेतलं आणि मान टाकली." तिचा भाऊ दोन गल्ल्या सोडून राहायचा, पण बापाकडे महिनोन्‌महिने फिरकत नसे. "तू घरात होतीस तरी का?" त्याने विचारले. त्याच्याच हट्टामुळे तपासणी ठरली.

डॉक्टर जागेवर नव्हते. ऊब मोजण्याआधी देह शीतपेटीत ठेवायचा नाही, असा नियम. इथली रीत उलटी: डॉक्टर येईपर्यंत पेटीतच. शवागारातल्या शिपाईमामांनी रीत पाळली. सहा वाजता मी अठ्ठावीस अंश दाखवले. अठ्ठावीसच होते, मित्रांनो.

"सदतीसवरून नऊ अंश उतरलाय. तासाला एक. म्हणजे सकाळी नऊ," नवे डॉक्टर म्हणाले.

मामांनी देह जरा कलता केला आणि पाठीवरचा डाग अंगठ्याने दाबला. डाग फिका पडला. "साहेब, रक्त अजून बसलं नाहीये. पायही मऊ आहेत. इतका वेळ झाला नसेल."

"मामा, आता सहीपण तुम्हीच करा माझ्याऐवजी!"

मामा कसनुसे हसले. पेटीची गोष्ट त्यांच्या ओठांवर आली होती. नोकरीच्या भीतीने त्यांनी ती गिळली. मला तोंड असते तर मी बोललो असतो का? तेही छातीठोक सांगवत नाही.

बाहेर भावाने कागद तिच्यासमोर धरला. "सकाळी नऊ! वाच. चार तास बाप मरून पडला होता, आणि तू म्हणे पाणी पाजत होतीस!"

"दादा, अरे, खरंच त्यांनी..." ती थांबली. कागदाकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मग मी पाणी कुणाला पाजलं?"

ती भावाला विचारत नव्हती.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असे मागायला मी आता तोंड वर करून येणार नाही. एवढेच करा: माझा आकडा लिहिण्याआधी देह कुठे ठेवला होता ते विचारा. आणि ज्याला ते ठाऊक असेल, त्याने न विचारताही सांगावे. मी फक्त उरलेली ऊब मोजतो. बाकीची कुणी काढून घेतली, हे माझ्या काचेवर उमटत नाही.