पाच सेंटीमीटरचा चौकोन

नाटकातल्या फोमच्या कवचाच्या छापील पॅटर्नच्या पहिल्या पानावर, कोपऱ्यात, एक चौकोन असतो. पाच सेंटीमीटर बाय पाच. कटरला हात लावायच्या आधी त्याच्यावर पट्टी ठेवायची. पाच भरला तर पॅटर्न खऱ्या मापात छापला गेलाय. कमी भरला तर प्रिंटरने शहाणपणा करून सगळं कागदात कोंबलंय, आणि ते कवच घालणाऱ्याच्या काखेत रुतणार. लोक चौकोन मोजत नाहीत. महागाचा फोम कापून बसतात आणि मग मला फोन करून रडतात. मी शिव्या घालते आणि फोन ठेवते.

त्या सकाळी मी मुद्दाम अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर छापलं. नाटक कंपनीत नवी मुलगी आली होती, हाडापेराने चिमणी, आणि सगळे तिला चिमणीच म्हणायचे. तिच्यासाठी छातीचं कवच लहान करायचं होतं. हिशेब सरळ आहे, चौकोन चार पूर्णांक चार भरायला हवा.

पाच भरला.

ऐंशीवर छापलं. पाच. सत्तरवर छापलं. पाच. प्रिंटरच बिघडला असेल म्हणून शिरस्त्राणाचा पॅटर्न ऐंशीवर काढला, त्याचा चौकोन शहाण्यासारखा चार भरला. परत छातीचा काढला. पाच.

आई खिडकीपाशी बसून कवचाचे पट्टे शिवत होती. तिने टेप घेऊन स्वतः मोजलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"लहान होत नाही तर नको करूस," ती म्हणाली. "तिचं तेवढंच राहिलंय."

तो पॅटर्न माझ्या ताईच्या अंगाचा होता.

अंगावरून पॅटर्न काढायची रीत अशी. जुना शर्ट घालायचा, त्यावर स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक लपेटायचं, त्यावर रुंद चिकटपट्टी फेऱ्यावर फेरे, माणसाचं टरफल होईपर्यंत. मग मार्करने कापायच्या रेषा आखायच्या आणि रेषांवर आडव्या खुणा करायच्या, म्हणजे कोणता तुकडा कोणाला जोडायचा ते नंतर कळतं. मग कात्रीने टरफल काढायचं. गुंडाळताना माणसाने छाती भरून श्वास घ्यायचा असतो. खुणा न करता कापलं तर सगळं वाया.

दोन वर्षांपूर्वी ताई याच खोलीत, याच टेबलाजवळ उभी होती. कंपनीतली तलवारबाजीची सगळी कामं तिच्याकडे होती. भरदुपार होती, पंखा चालू होता. मॅनेजर स्टुलावर बसून सारखं घड्याळ बघत होता. मी घाईत होते. श्वास भर, हे सांगायला विसरले.

"आवळतंय गं," ताई म्हणाली.

"राणीसाहेब, दहा मिनिटं. नखरे प्रयोगात करा."

ती हसली, तेवढं हसतानाही तिला खोकला आला. मग म्हणाली, "काप आता."

मी कात्री उचलली. मॅनेजर म्हणाला, "आधी खुणा कर. वाकडं कापलंस तर परत सगळं गुंडाळायला लागेल. मला वेळ नाही."

मी कात्री ठेवली आणि मार्कर घेतला. हे मी लपवणार नाही. माझी बहीण काप म्हणत होती आणि मी नीट, सरळ रेषा आखत होते. सातव्या खुणेला तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं चेष्टा करतेय. मी म्हटलं, "सरळ उभी राहा, रेष हलतेय."

डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर कारण हृदय लिहिलं. चौथ्या दिवशी मॅनेजर घरी आला, आईसमोर बसला, पाणी प्यायला आणि विचारलं, "पॅटर्न तरी नीट निघाला ना?"

निघाला होता. मी तो स्कॅन केला आणि त्याचं कवच करून दिलं. तेही लपवणार नाही. पोट होतं, दोन पोटं होती, माझं आणि आईचं. ते कवच ताईएवढीच उंच अशी एक बाई वर्षभर घालायची. ती कंपनी सोडून जाताना मला म्हणाली होती, "यात श्वास उसना घ्यावा लागतो." मी तिला नाजूक म्हटलं होतं.

आता चिमणी आली होती आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रयोग होता.

प्रिंटर ऐकेना म्हणून मी हाताने माप कमी केलं. कागदाच्या दोन्ही कडांनी तीन-तीन सेंटीमीटर छाटले, खांदे उतरवले. फोमची चटई कापली, हीट गनने गरम करून मांडीवर वाकवली, कडांना सोल्युशन लावून जोडली. वाळल्यावर टेबलावर ठेवून मोजली. ताईचं माप. मिलिमीटरचा फरक नाही. सातव्या खुणेपाशी ती हललेली रेष होती, तिथली कडसुद्धा तशीच वाकडी. मी टेप खाली ठेवला आणि बराच वेळ हात धूत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजर चिमणीला घेऊन आला. मी म्हटलं, कवच मोठं झालंय, जुनंच काहीतरी अडकवा.

"घालून तर बघू."

घातलं. चिमणी आत खुळखुळत होती.

"बादलीत उंदीर," मॅनेजर म्हणाला. "पट्टे ओढ."

मी पट्टे ओढले, बकल लावले. चिमणी आरशाकडे वळली, हात वर करून बघितला आणि श्वास सोडला. कवच तेवढं आत आलं. तिने श्वास घेतला, ते परत फिरलं नाही. पुन्हा सोडला, पुन्हा आत. गरम न करता फोम असा वाकत नाही. वीस वर्षं मी हेच करतेय, मला शिकवू नका. पाच-सहा श्वासांत ते तिच्या बरगड्यांवर कातड्यासारखं बसलं.

"बघ," मॅनेजर खूश झाला. "कसं शिवल्यासारखं बसलं. उगाच रडत होतीस."

चिमणीने आरशातून माझ्याकडे बघितलं. "ताई, आवळतंय."

मला ताई म्हणणारं घरात कोणी नाही. मी धाकटी.

मी बकलाकडे गेले. बकल हलेना. पट्ट्याखाली नख जाईना. चिमणीचे ओठ फिके पडत होते आणि ती पुटपुटली, "कापा ना."

"ए, कापू नकोस," मॅनेजर उठला. "संध्याकाळी प्रयोग आहे. कापायचंच असेल तर निदान शिवणीवर खुणा करून काप, परत जोडता येईल."

मी हाताकडे बघितलं. हातात मार्कर होता, टोपण काढलेला. मी तो कधी उचलला हे मला आजही सांगता येणार नाही. चिमणीच्या कवचावर काळी रेष आलेली होती आणि तिच्यावर सहा आडव्या खुणा.

आई शिवण टाकून उठली होती. तिने टेबलावरचा कटर माझ्यापुढे धरला.

मी कवचाच्या गळ्यातून डाव्या हाताची दोन बोटं जोर करून आत घातली, पातं कातड्याला लागू नये म्हणून, आणि गळ्यापासून पोटापर्यंत फाडलं. शिवण बघितली नाही, रेष बघितली नाही. माझ्या दोन्ही बोटांना पातं लागलं. कवच दोन बाजूंना पडलं आणि चिमणी खाली बसून धापा टाकत श्वास घ्यायला लागली. तिला आईने मांडीशी धरलं.

जमिनीवरच्या तुकड्यांतून श्वास सुटल्याचा आवाज आला. लांब, दमलेला. चिमणीचा श्वास तर आत जात होता. मॅनेजरनेही ऐकला, तो दारापर्यंत मागे सरकला.

"वाया घालवलंस," तो म्हणाला, पण आवाज बसला होता.

"हो. दोन वर्षं उशिराने. पुढच्या वेळी माप हवं असेल तर स्वतःचं घेऊन या. मी गुंडाळते."

तो गेला. चिमणीला मी रिक्षात बसवून दिलं. बोटांना चिंधी बांधली आणि कॉम्प्युटरपाशी बसले. अठ्ठ्याऐंशी टक्के. पहिलं पान बाहेर आलं. पट्टी ठेवली.

चार पूर्णांक चार.

पुन्हा ठेवली. चार पूर्णांक चार.

मागे आई सुईत दोरा ओवत होती. "किती भरला?" तिने विचारलं.

मी कागदाची घडी घातली.

"पाच," मी म्हटलं.

आईने टेप मागितला नाही.